वादळात चेहरा पांढरा पडला तरी

नमस्कार श्रोतेहो. आज मनःशांतीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात करू या एका घाबरलेल्या तत्त्वज्ञापासून.

दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलिअस जहाजानं इटलीतल्या ब्रुंडिझियम बंदराकडे निघाला होता. आयोनियन समुद्रात रात्रभर आडवा वारा सुटला, लाटांचं पाणी जहाजात शिरलं, लोक रडू-ओरडू लागले. प्रवाशांत एक नावाजलेला स्टोइक, म्हणजे विवेकानं मनावर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन पंथाचा, तत्त्वज्ञ होता. हा माणूस आता कसा वागतो, हे बघायला गेलिअसनं मुद्दाम त्याला शोधून काढलं. तो आक्रोश करत नव्हता, पण चेहरा इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका धनिकानं त्याला टोमणाही मारला, की मी घाबरलो नाही आणि तुम्ही तत्त्वज्ञ असून घाबरलात!

किनारा जवळ आल्यावर गेलिअसनं आदरानं कारण विचारलं. तेव्हा तत्त्वज्ञानं आपल्या पिशवीतून एक ग्रंथ काढला. एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा तो एक भाग होता, आणि तो भाग आज उपलब्ध नाही. गेलिअसनं त्याचा आशय टिपून ठेवला म्हणून आपल्याला कळतो. तो असा: अचानक मोठा आवाज झाला, वाईट बातमी आली, तर शहाण्या माणसाचंही काळीज धडधडतं, तोंडचं पाणी पळतं. ते आपल्या हातात नाही. हातात आहे ते त्यानंतरचं. 'हे भयंकर आहे, आता सगळं संपलं' या विचाराला मान डोलवायची की नाही, हे आपण ठरवतो.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कारण स्टोइक म्हणजे दगडी चेहऱ्याचा, काही वाटूनच न घेणारा माणूस, असा समज सगळीकडे पसरला आहे, आणि तो समज घेऊन लोक स्वतःलाच छळतात. रडू आलं तर अपराधी वाटतं, भीती वाटली तर आपण कच्चे आहोत असं वाटतं.

समजा, संध्याकाळी ऑफिसातून वरिष्ठांचा मेसेज येतो: 'उद्या सकाळी येऊन भेटा.' बस, एवढंच. छातीत धस्स होतं. त्या धस्स होण्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. पण पुढच्याच क्षणी मन एक वाक्य जोडतं, 'नोकरी गेली.' ते मेसेजमध्ये नव्हतं. मग त्यावर तिसरं वाक्य येतं, चौथं येतं, आणि रात्री दोनपर्यंत झोप नाही. एपिक्टेटस म्हणेल, पहिल्या जोडलेल्या वाक्यापाशीच थांब, त्याला विचार, तू खरं आहेस कशावरून?

हा सल्ला सुखात बसून दिलेला नाही. एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला, पायानं अधू होता. पुढे मुक्त झाला, तर सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिलं. मग त्यानं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा काढली. स्वतः काही लिहिलं नाही; शिष्य आरियननं त्याची प्रवचनं उतरवून घेतली.

काही जणांना यात 'गप्प बसा, सोसा' असा सूर ऐकू येतो. मला तो अजिबात पटत नाही. एपिक्टेटसच सिनेट या रोमच्या राज्यकारभाराच्या सभेचा सदस्य हेल्विडिअस प्रिस्कस याची हकिगत सांगतो. सम्राट व्हेस्पेशियननं त्याला सिनेटमध्ये येऊ नकोस म्हणून निरोप धाडला. हेल्विडिअसचं उत्तर होतं, की मला सदस्य न ठेवणं तुमच्या हातात आहे, पण सदस्य आहे तोवर मला यावंच लागेल. आलास तर गप्प बस, म्हटल्यावर तो म्हणाला, मग माझं मत विचारू नका. पुढे त्याला ठार करण्यात आलं. आपल्या हातात काय आहे हे नेमकं ठाऊक असल्यामुळेच तो इतका ठाम राहू शकला.

आता रोजच्या सरावाविषयी. रोमन स्टोइक लेखक सेनेका रागावरच्या आपल्या ग्रंथात सांगतो, की रात्री दिवा दूर नेला आणि माझी सवय माहीत असलेली पत्नी बोलायची थांबली, की मी सबंध दिवस तपासतो, स्वतःपासून काही लपवत नाही. तो स्वतःलाच म्हणतो, त्या वादात जरा जास्तच तावातावानं बोललास. त्या माणसाला इतकं सडेतोड सुनावलंस, की तो सुधारला नाही, दुखावला मात्र गेला. आणि मग, या वेळी तुला माफ करतो, पुन्हा असं करू नकोस. या माफीकडे लक्ष द्या. तपासणी कडक आहे, पण शिक्षा नाही. अशा झाडाझडतीनंतर झोप शांत, गाढ आणि मोकळी लागते, असंही तो लिहितो.

आज रात्री करून बघायचं असेल तर सबंध दिवस घेऊ नका. एकच प्रसंग घ्या. कागदावर आधी घडलं तेवढंच लिहा, दुसरा कुणी बघत असता तर त्याला दिसलं असतं तेवढं. त्याखाली रेघ मारा आणि मनानं स्वतःहून जोडलेली वाक्यं रेघेखाली उतरवा. कागद फाडू नका. उद्या सकाळी कामाला लागण्यापूर्वी रेघेखालचा मजकूर एकदा मोठ्यानं वाचा. नमस्कार.