तालमीचा तास

मंडळी, नमस्कार.

आज १५ जानेवारी, खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. राज्य शासनाने हाच दिवस राज्य क्रीडा दिन ठरवला आहे. त्यांचं गाव गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा खाशाबांची गोष्ट कराडकरांना मी सांगायची गरज नाही. त्यांना ऑलिंपिकला पाठवायला कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, गावाने वर्गणी काढली, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे तुमच्या पोरांनाही पाठ असेल. मी त्या गोष्टीतला एकच क्षण घेणार आहे, आणि तोही भाषेसाठी.

हेलसिंकी ऑलिंपिक, जुलै १९५२. फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट गट, ५७ किलो. सुवर्ण जपानच्या शोहाची इशिईला. रौप्य सोव्हिएत संघाकडून लढलेल्या अझरबैजानच्या रशीद मम्मदबेयोव्हला. कांस्य आपल्या खाशाबांना. तीन मल्ल, आणि ज्या शहरात ते लढले त्याची चौथी भाषा. मी शब्दांचा माणूस, त्यामुळे मला नेहमी वाटतं की पदकं सोडा, या चौघांनी ‘आपण इथे काय करायला आलो’ याला आपापल्या भाषेत काय म्हटलं असतं, ते ऐकायला मिळायला हवं होतं.

यजमानांपासून सुरुवात करू. फिनिश भाषेत खेळाला ‘उर्हेइलू’ म्हणतात. त्यात ‘उर्हेआ’ म्हणजे शूर, ‘उर्हो’ म्हणजे वीर. थोडक्यात, शौर्य गाजवणं. अझरबैजानी माणूस म्हणतो ‘इदमान’. त्यांच्या सरकारात युवक आणि इदमान मंत्रालय आहे. हा शब्द मुळात अरबी. अर्थ, एखादी गोष्ट न सोडता करत राहणं. गंमत अशी की आजच्या अरबीत ‘इदमान’ म्हणजे व्यसन. रोज पहाटे चारला उठून जोर मारणाऱ्याला विचारा, दोन्ही अर्थ बरोबर आहेत म्हणेल. आणि जपानी? त्यांच्याकडे ‘ताइइकु’. ‘ताइ’ म्हणजे शरीर, ‘इकु’ म्हणजे वाढवणं, संगोपन करणं. शरीराचं संगोपन. दुसरा शब्द ‘उंदो’, म्हणजे हालचाल. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या शर्यतींचा दिवस तो ‘उंदोकाई’. हाच ‘उंदो’ राजकीय चळवळीलाही चालतो. आपण ‘चळवळ’ म्हणतो तेव्हा तरी वेगळं काय म्हणतो? चळणं आणि वळणंच ना!

आता आपला माणूस. खाशाबा काय म्हणाले असते? ‘क्रीडा’ नक्कीच नाही. ‘खेळ’? तोही नसेल. माझी खात्री आहे, ते ‘कुस्ती’ म्हणाले असते, आणि कुठे शिकलात असं विचारलं असतं तर ‘तालमीत’. आज मला बोलायचं आहे ते या शब्दाबद्दल.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. घराला लागून तालीम. पहाटे पाचला भिंतीपलीकडून शड्डूचा आवाज यायचा आणि आई म्हणायची, ऊठ, पैलवान उठले. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणजे दारापेक्षा रुंद माणूस, आवाज मात्र मऊ. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, त्यांच्याच हाताखाली होता. एकदा वडिलांचे हैदराबादचे एक स्नेही घरी आले. शेरवानी, पानाचा डबा, अत्यंत अदबीचं उर्दू. वस्तादही त्या दिवशी चहाला आले होते. पाहुण्यांनी दादाकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, “साहबज़ादे की तालीम कहाँ हुई?”

वडील उत्तर देणार, तेवढ्यात वस्तादांनी छाती फुगवली. “हितंच की! माझ्या हाताखाली. पाच वर्सं झाली.”

पाहुणे खूश. घरात एक विद्वान बसले आहेत असं त्यांना वाटलं. ते थोडे सरसावून बसले. “बहुत ख़ूब. और क्या-क्या पढ़ाते हैं आप?”

वस्तादांना ‘पढ़ाते’ तेवढं कळलं. त्यांनी बोटं मोजली. “जोर. बैठका. मग मातीतली लढत. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी. ह्यो पट चांगला काढतोय, पर मान अजून कच्ची हाय.”

खोलीत शांतता. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी. वडिलांनी मग दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीचा हौद. मला वाटलं आता सगळे हसतील. पण पाहुणे हसले नाहीत. ते उठले, वस्तादांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “तो आप उस्ताद हैं।” वस्ताद म्हणाले, “व्हय, वस्ताद.” दोघांनी एकच शब्द उच्चारला होता, आणि दोघांनाही तो नीट ऐकू आला होता.

मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. पुढे तीस वर्षं मराठी शिकवलं, कोश चाळले, पण भाषेचा माझा पहिला तास तोच.

‘तालीम’ हा अरबी शब्द. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘मालूम’ म्हणजे ठाऊक असलेलं, ही सगळी त्याच्याच घरातली मंडळी. ‘तालीम’ म्हणजे ज्ञान देणं. हा शब्द मराठीत आला आणि आपण तो कुणाकुणाला दिला, बघा. पैलवान तालमीत जातो. नाटकवाले तालीम करतात, प्रयोगाआधी महिनाभर. गवई घराण्याच्या गुरूकडून तालीम घेतो. हातापायांनी शिकायचं, गळ्याने शिकायचं, तोंडपाठ करून शिकायचं, सगळ्याला एकच शब्द. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं, त्याच दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते. एकीकडे वस्ताद, दुसरीकडे उस्ताद, आणि मधे तालीम. मला हा योगायोग वाटत नाही. त्या गावाला कष्टाने कमावलेली विद्या एकच वाटत होती.

याची उलटी यात्रा ग्रीक शब्दाने केली आहे. ‘गिम्नासिओन’ म्हणजे उघड्या अंगाने व्यायाम करायची जागा. ‘गिम्नोस’ म्हणजे उघडा. आपल्या कोपऱ्यावरची ‘जिम’ तिथलीच. अथेन्सच्या अशा व्यायामशाळांत तत्त्वज्ञ बसू लागले. प्लेटोची अकादमी आणि अ‍ॅरिस्टॉटलचं लायसियम, दोन्ही जागा मुळात व्यायामाच्या. आणि आज जर्मनीत ‘गिम्नाझियम’ म्हणजे काय? माध्यमिक शाळा! पोरं तिथे लॅटिन आणि बीजगणित शिकतात. म्हणजे ग्रीकांच्या तालमीची जर्मनांनी शाळा केली आणि अरबांच्या शाळेची आपण तालीम केली. दोन्ही समाजांना मधली भिंत पातळ वाटली, म्हणूनच शब्द आरपार गेले.

आता माझ्या मनातली सल सांगतो. मी ज्या शाळेत शिकवत होतो तिथे आठवड्यात खेळाचे दोन तास होते. वेळापत्रकावर सुबक अक्षरात लिहिलेलं असायचं ‘क्रीडा’. दिवाळीपर्यंत ते तास मैदानावर व्हायचे. दिवाळीनंतर गणिताच्या सरांना द्यायचे, भाग पुरा करायला. मी विरोध केला, एकदा नव्हे, दर वर्षी. उत्तर ठरलेलं, “सर, पोरं खेळतात तर एरवीही.” प्रगतिपुस्तकात मात्र क्रीडेपुढे सगळ्यांना ‘अ’. चार महिने मैदान न पाहिलेल्या मुलालाही ‘अ’. मला त्या ‘अ’चा फार राग येई. अजून येतो. मराठीच्या तासाला न आलेल्या मुलाला मी ‘अ’ देऊ शकलो असतो का?

खूप विचार केला तेव्हा लक्षात आलं की खोट थोडी शब्दातही आहे. ‘क्रीडा’ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जलक्रीडा, द्यूतक्रीडा. मोकळ्या वेळातली मौज. मौजेचा तास काढून घ्यायला कुणाला अपराधी वाटणार? इंग्रजी ‘स्पोर्ट’चंही तेच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘देस्पोर्’. मुळाशी लॅटिन ‘पोर्तारे’, वाहून नेणं. स्टेशनवरचा पोर्टर त्यातलाच. मनाला कामापासून दूर वाहून नेतं ते ‘देस्पोर्’, आपल्या भाषेत विरंगुळा. इंग्रजांनी पुढचा ‘दे’ गाळून ‘स्पोर्ट’ केलं आणि एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी आपलाच शब्द इंग्रजी टोपी घातलेला परत घरात घेतला. स्पॅनिशमध्ये अजून ‘देपोर्ते’ आहे. परक्या माणसाला देशाबाहेर काढतात ते ‘डिपोर्ट’, तेही याच घराण्यातलं. आमच्या शाळेने खेळाचा तास नेमका तसाच डिपोर्ट केला.

आता अरबी बघा. तिथे खेळाला म्हणतात ‘रियादा’. मूळ अर्थ, घोड्याच्या शिंगराला वळण लावणं. ओळखीचा वाटतो ना? हाच शब्द फारसीच्या तोंडातून आपल्याकडे आला तो ‘रियाज’! गवयाचा रियाज आणि अरबांचा फुटबॉल, शब्द एकच. आणि त्याच धातूपासून गणिताला अरबीत ‘रियादियात’ आणि उर्दूत ‘रियाज़ी’ म्हणतात. बुद्धीला वळण लावणं. ती भाषा आमच्या मुख्याध्यापकांना येत असती तर त्यांना कळलं असतं की त्यांनी रियाजाचा तास रियाजालाच दिला, पण निम्म्या देहाला वगळून. फारसीत ‘वर्ज़िश’, उर्दू बोलणाऱ्यांत ऐकला असेल. ज्या धातूचा तो शब्द, त्याचा अर्थ कसणं, सराव करणं. शेतकऱ्याला फारसीत ‘किशावर्ज़’ म्हणतात, त्यातलाही ‘वर्ज़’ तोच. तो जमीन कसतो, पैलवान अंग कसतो. आपण मराठीत ‘कसलेलं शरीर’ म्हणतो, तेही जमिनीवरूनच.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. आणि जगभरातले शब्द अजून निम्मेसुद्धा झाले नाहीत. आता धावत जातो.

मांडणी अशी करायची होती, की भाषांनी खेळाला दोन वाटांनी नाव दिलं. एक वाट मौजेची. स्पोर्ट, देपोर्ते, क्रीडा, वेल्शमधला ‘ख्वाराइऑन’, स्वाहिलीतला ‘मिचेझो’. दुसरी वाट मेहनतीची. रियादा, वर्ज़िश, इदमान, ताइइकु. इंडोनेशियात ‘ओलाहरागा’ म्हणतात. ‘ओलाह’ म्हणजे घडवणं, संस्कार करणं, आणि ‘रागा’ म्हणजे देह. जपान्यांनी मात्र अलीकडे वाट बदलली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची आठवण म्हणून १९६६ पासून त्यांची सुट्टी होती ‘ताइइकुचा दिवस’. २०२० पासून तिचं नाव झालं ‘सुपोत्सुचा दिवस’, म्हणजे स्पोर्ट्सचा. संगोपनाकडून विरंगुळ्याकडे. मला ते आवडलेलं नाही.

उत्तरेकडे आइसलँडमध्ये ‘ईथ्रोत’, स्वीडनमध्ये ‘इद्रोत’. मूळ अर्थ अंगी बाणलेलं कसब. बाराव्या शतकात ऑर्कनी बेटांचा सरदार रोग्नवाल्ड एका कवितेत सांगतो की मला नऊ ईथ्रोत येतात. पटावरचा खेळ, बर्फावरून घसरणं, तिरंदाजी, वल्हवणं, आणि त्याच यादीत लोहारकाम, वाचन, वीणा, काव्य. आमच्या वस्तादांना तो माणूस फार आवडला असता.

पाणिनीवर अर्धा तास हवा होता. एवढंच सांगतो, की त्याने खेळांना नावं कशी द्यायची याचं सूत्रच लिहिलं आहे, ‘तदस्यां प्रहरणमिति क्रीडायां णः’. ज्या खेळात दंड हे मारायचं साधन, तो खेळ ‘दाण्डा’. मुष्टी असेल तर ‘मौष्टा’. आपला विटीदांडू साधनावरून नाव घेतो, त्याला एवढं जुनं कुळ आहे.

आणि ‘क्रीडा’वर मी मघाशी थोडा अन्याय केला, तोही दुरुस्त करतो. पालीत त्याचं ‘कीळा’ झालं आणि तो शब्द बौद्ध धर्माबरोबर पूर्वेला गेला. थायलंडमध्ये आज खेळाला ‘कीला’ म्हणतात, लाओसमध्येही, कंबोडियातही. कंबोडियात स्टेडियमला जो शब्द आहे तो सरळ ‘कीळा’ आणि ‘स्थान’ यांची जोड आहे. बँकॉकचा मुलगा फुटबॉल घेऊन निघतो तेव्हा आपलाच शब्द बोलतो.

आपला ‘खेळ’ तर याहून मोठा. संस्कृत ‘खेल्’चा अर्थ हलणं, झुलणं. मराठीने तो अर्थ सोडला नाही. खिडकीतून हवा खेळते. शेतात पाणी खेळवतात. व्यापाऱ्याकडे खेळतं भांडवल असतं. कोकणात शिमग्याला खेळे निघतात. थांबलं की कुजतं, म्हणून खेळतं ठेवायचं, हा अर्थ मौजेचा नाही आणि मेहनतीचाही नाही, दोन्हींच्या आधीचा आहे. या एका शब्दावर स्वतंत्र व्याख्यान द्यायची माझी तयारी आहे, संयोजकांनी पुढच्या वर्षी विचार करावा.

दुसरी चिठ्ठी. शेवटची दोन वाक्यं बोलतो. शाळांच्या वेळापत्रकावर ‘क्रीडा’ पुसून ‘तालीम’ लिहा, असं निवेदन मी शिक्षण खात्याला लिहिलं आहे. बाहेरच्या टेबलावर ते ठेवलं आहे, पटलं तर सही करा. आणि ज्यांना ‘क्रीडा’ शब्द सोडवत नाही त्यांच्यासाठी ऋग्वेदातल्या विवाहसूक्तातली ओळ देतो, तिथे तो आपल्या ‘ळ’सकट आहे. नवरानवरीला आशीर्वाद दिला आहे, आपल्याच घरात मुलांबरोबर, नातवंडांबरोबर खेळत राहा, ‘क्रीळन्तौ पुत्रैर्नप्तृभिः’. माझी नात मागे बसली आहे, तिला सहा वाजता मैदानावर जायचं आहे, आणि सहा वाजलेत.