पलीकडचा पडदा – वांद्र्याचं ड्राइव्ह-इन

(कलानगरचा सिग्नल. पहाट. गाड्यांचे दिवे अजून चालू.)

कलानगरच्या सिग्नलवरून बीकेसीकडे, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाकडे वळलं की आता आधी काच दिसते. दोन्ही बाजूंना काचच काच, आणि त्या काचेत समोरच्या इमारतीची काच. अजून दोन तासांनी इथे गाडी हलणार नाही, आम्ही साडेसहाला पोचलो म्हणून हा रस्ता असा मोकळा मिळालाय, बघून घ्या.

याच बाजूला मुंबईचं ड्राइव्ह-इन थिएटर होतं, म्हणजे उघड्यावर मोठा पडदा आणि आपापल्या गाडीत बसून पिक्चर बघायचा. १९७७ ला सुरू झालं, २००३ ला बंद झालं. सव्वीस वर्षं. म्हणजे एक अख्खी पिढी तिथे आईबापाच्या मांडीवर झोपून गेली आणि तीच पिढी पुढे स्वतःची पोरं घेऊन तिथे आली.

(मिठी नदीवरचा पूल, खाली काळं पाणी, कडेला खारफुटी.)

त्या काळात या भागाला बीकेसी कोणी म्हणत नव्हतं. खाडी होती, चिखल होता, मिठी नदी होती, आणि वारा फिरला की वासही यायचा. गंमत म्हणजे १९७७ याच वर्षी एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई परिसराच्या विकासाचं काम बघणाऱ्या सरकारी प्राधिकरणाला, वांद्रे-कुर्ला संकुलाचं नियोजन करायला नेमलं, जवळपास ३७० हेक्टर जमीन. तेव्हा पडदा उभा राहिला आणि पडद्यामागच्या जमिनीचं पुढे काय करायचं याचा विचार सुरू झाला, दोन्ही एकाच वर्षी. पण आम्हाला त्यातलं काय कळणार, आम्ही पोरं होतो आणि आम्हाला फक्त पडदा दिसत होता.

आम्ही म्हणजे वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतली पोरं. बाबा मंत्रालयात क्लार्क. गाडी कुठली, सायकल होती, तीही मागच्या चाकाला कायम पंक्चर. त्यामुळे आमचं ड्राइव्ह-इन सुरू झालं ते गच्चीवरून.

(वसाहतीची गच्ची, वाळत घातलेले कपडे, टाक्या.)

ही ती गच्ची. इथून पडदा दिसायचा पण तिरका, त्यामुळे हिरो लांबुडका आणि बारीक दिसायचा, हिरॉईनसुद्धा. आणि आवाज शून्य. वारा या बाजूला असला तर गाण्याचा एखादा तुकडा यायचा आणि विरून जायचा. मग माझी ताई, तेव्हा आठवी-नववीत असेल, तिने मैत्रिणींकडून स्टोरी ऐकलेली असायची, ती आम्हाला सांगायची. आता हा त्याचा भाऊ आहे पण त्याला माहिती नाहीये. आता ही रडतेय कारण पत्र मिळालं. सतरंजीवर आम्ही सात-आठ पोरं आणि मधे ताई, तिचं तोंड तीन तास चालू. मी आज हे निवेदन वाचतोय ना, ते मी तिच्याकडूनच शिकलो.

आजी एकदा वर आली होती, गुडघे धरून जिने चढून. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हा तर जत्रेतला तंबू आहे, नुसता तंबू काढून टाकलाय." मला वाटतं ड्राइव्ह-इनचं याहून चांगलं वर्णन कोणी केलेलं नाही. गावाकडच्या जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, लोक जमिनीवर बसून पिक्चर बघायचे, बाया एका बाजूला पुरुष एका बाजूला, पोरं पुढे धुळीत. शहरात आल्यावर थिएटरात खुर्च्या आल्या, बाल्कनी आली, गप्प बसायची शिस्त आली. ड्राइव्ह-इनमधे पुन्हा डोक्यावर आकाश आलं. बोला, खा, झोपा, पोर रडलं तर रडू दे, शेजारचा वळून बघत नाही. मला हेच सांगायचंय या सगळ्या व्हिडिओत, की ते काही श्रीमंतांचं फॅड नव्हतं, निदान आमच्या आठवणीत तरी नव्हतं.

(अ‍ॅनिमेशन सुरू. जुना पेटंटचा नकाशा.)

हे डोकं मुळात चाललं ते अमेरिकेत, न्यू जर्सीमधे. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाचा माणूस, घरचा धंदा गाड्यांना लागणाऱ्या सामानाचा. त्याने आपल्या घरापुढच्या ड्राइव्ह-वेमधे प्रयोग केला. गाडीच्या बॉनेटवर १९२८ चा कोडॅक प्रोजेक्टर ठेवला, दोन झाडांच्या मधे पडदा ठोकला, पडद्यामागे रेडिओ लावला आवाजासाठी. पाऊस आला तर काच कशी दिसेल हे बघायला त्याने बागेला पाणी घालायचा फवारा गाडीवर सोडला. आता तुम्ही म्हणाल पडदा लावला, गाड्या आणल्या, झालं. तर नाही. खरी भानगड पुढच्या गाडीची. तुमच्या पुढे जी गाडी उभी आहे तिच्या टपामुळे तुम्हाला पडद्याचा खालचा अर्धा भाग दिसणारच नाही. हॉलिंग्सहेडने आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांखाली ठोकळे सरकवून बघितले, मग अजून उंच ठोकळे, मग मागे दुसरी गाडी लावून तिच्याही चाकांखाली, असं करत करत त्याला तो कोन सापडला.

हे बघा इथे, आम्ही मुद्दाम मोठं करून दाखवलंय. जमीन सपाट नसते, तिला लाटा असतात. प्रत्येक रांगेला मातीचा एक उंचवटा. गाडी येते, पुढची चाकं उंचवट्यावर चढवते आणि थांबते, म्हणजे गाडीचं नाक वर, आणि काचेतून नजर सरळ पुढच्या गाडीच्या टपावरून पडद्यावर. रांगा सरळ नसतात, पंख्यासारख्या वळलेल्या, म्हणजे कडेच्या गाडीचंही तोंड पडद्याकडेच राहतं. आणि दोन रांगांच्या मधे एक गल्ली सोडलेली, की एखाद्याला मधेच उठून जायचं असेल तर तो कोणालाही न उठवता रिव्हर्स घेऊन निघू शकतो. आपल्या थिएटरात मधल्या खुर्चीवरचा माणूस उठला की बारा लोकांचे गुडघे हलतात, इथे तसं नाही. इतका साधा विचार, मातीचा ढिगारा, त्याच्यावर १६ मे १९३३ ला त्याला पेटंट मिळालं, नंबर १९०९५३७. आणि लगेच ६ जूनला न्यू जर्सीतल्याच कॅमडेनमधे पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं, ४०० गाड्यांची जागा, गाडीचे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. ते पहिलं थिएटर स्वतः तीनेक वर्षांतच बंद पडलं, पेटंटही पुढे १९४९ मधे कोर्टात टिकलं नाही, पण तोवर कल्पना सगळीकडे पसरली होती. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती.

(क्लोजअप. टेबलावर स्पीकर.)

आणि आता हा. ही या व्हिडिओतली माझी सगळ्यात लाडकी वस्तू. खिडकीला अडकवायचा स्पीकर. अ‍ॅल्युमिनियमचं कवच, पुढे जाळी, खाली आवाजाचं बटण, मागे हा आकडा. वजन बघा, हातात घेतल्यावर कळतं. कॅमडेनला पहिल्यांदा असं काही नव्हतं, पडद्याजवळ मोठे भोंगे लावले होते, पुढच्यांचे कान फुटायचे, मागच्यांना ऐकू नाही, आणि आजूबाजूची घरं वैतागली. मग १९४१ मधे आरसीए या अमेरिकन कंपनीने हे छोटे स्पीकर आणले, प्रत्येक गाडीला आपला, प्रत्येकाला आपलं बटण. दोन गाड्यांच्या मधे एक खांब, खांबावर दोन स्पीकर. काच थोडी खाली करायची, स्पीकर काचेवर अडकवायचा, काच जमेल तेवढी वर घ्यायची. जी फट राहायची त्यातून डास आत.

पहिल्यांदा मी हा काकाच्या फियाटमधे बघितला.

(प्रीमियर पद्मिनी. सकाळचं ऊन. बॉनेटवर हात फिरवणारा मालक.)

ही गाडी आमच्या काकाची नाही, पण डिट्टो तीच. पद्मिनी. आम्ही सगळे फियाटच म्हणायचो. आणि ही बनायची कुठे, तर कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात, म्हणजे मिठीच्या पलीकडे गाडी जन्माला यायची आणि अलीकडे येऊन पिक्चर बघायची. पुढची सीट बघा, सोफ्यासारखी सलग, आणि गिअर खाली नाही, स्टिअरिंगला. म्हणून पुढे तीन जण बसायचे. काका, काकू, मधे मी. मागे आई, बाबा, ताई, आणि ताईच्या मांडीवर चुलतभाऊ. गिरगावातून काका यायचे, आम्हाला वसाहतीच्या गेटवर घ्यायचे, आणि चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आम्ही गाडीने जायचो. आईने दुपारपासून पुऱ्या तळलेल्या असायच्या. बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं, थर्मासमधे चहा. कासवछाप अगरबत्ती डॅशबोर्डवर लावलेली, तिचा धूर काचेवर साचायचा आणि काका दर अर्ध्या तासाने फडक्याने आतून काच पुसायचे, आणि प्रत्येक वेळी नेमका फायटिंगचा सीन चालू असायचा.

अंधार पडल्याशिवाय पिक्चर सुरू होत नाही, ही ड्राइव्ह-इनची पहिली अट. भिंती नाहीत म्हणजे दिवे मालवायची सोय नाही, सूर्यच मालवायला लागतो. मग तेवढा वेळ सगळी पोरं गाड्यांतून बाहेर. टपावर चढणं, उंचवट्यांवरून पळणं. कोणी मागे सतरंजी टाकून बसलंय, कोणी घडीच्या खुर्च्या मांडल्यात. हळूहळू पडद्यावर पहिला उजेड यायचा, फिकट, अजून नीट दिसायचं नाही पण सगळे धावत आपापल्या गाडीत. एकाही गाडीचा हेडलाईट चुकून लागला की चहूबाजूंनी हॉर्न.

(फोटो. निवेदन थांबतं. पाच सेकंद.)

हा एकच फोटो आहे आमच्याकडे. काकूच्या हातात डबा आहे, मागे खिडकीला स्पीकर दिसतोय, आणि आजी गाडीतून उतरून बॉनेटला टेकून उभी आहे, कारण तिला काचेतून बघायला आवडायचं नाही.

(अहमदाबाद. थलतेज. संध्याकाळ. गाड्यांची रांग.)

आम्ही मुद्दाम अहमदाबादला गेलो, कारण तिथे ड्राइव्ह-इन नुसतं आठवणीत नाही, रस्त्याच्या नावात आहे. तिथलं थिएटर मुंबईच्या आधीचं, १९७३ चं, सहाशेच्या वर गाड्यांची जागा. रस्त्याचं नाव ड्राइव्ह-इन रोड. दुकानांच्या पाट्यांवर ड्राइव्ह-इन रोड, पत्त्यात ड्राइव्ह-इन रोड, ज्या पोराने आयुष्यात स्पीकर बघितला नाही तोही रिक्षावाल्याला ड्राइव्ह-इन म्हणतो. शहराला एक थिएटर असं जपता येतं. आमच्या घरात अजूनही बीकेसीच्या त्या टोकाला जायचं असलं की आई "ड्राइव्ह-इनच्या तिथे" म्हणते, आणि मोबाईलवर गाडी बुक करणारा माझा मुलगा विचारतो, कुठे? माझं एवढंच म्हणणं आहे, एक फलक लावा. दगडाचा नको, महाग नको. इथे पडदा होता, अमुक साली ते अमुक साली, एवढं दोन ओळींचं. बीकेसीतल्या एवढ्या पाट्यांमधे एक पाटी सहज मावेल.

(बीकेसी, दुपार. क्रेन. काचेचे टॉवर.)

बंद का पडलं, तर जमीन. एवढी मोठी मोकळी जागा, जी दिवसभर रिकामी आणि रात्री एक-दोन खेळ, ती अशा ठिकाणी जिथे चारी बाजूंनी बँका, शेअर बाजार, ऑफिसं उभी राहात होती. २००३ मधे पडदा बंद झाला. ऑपरेटर, तिकीट खिडकीवरची माणसं, कँटीनची पोरं, टॉर्च हलवून गाड्या रांगेत लावणारे, सगळे पांगले. त्याच साली २९ ऑक्टोबरला ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी काळीपिवळी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तशी २०२३ मधे तीही रस्त्यावरून गेली.

(मॉलची गच्ची. रात्र. नवीन पडदा.)

५ नोव्हेंबर २०२१ ला त्याच परिसरात पुन्हा ड्राइव्ह-इन आलं, जिओ वर्ल्ड ड्राइव्हच्या गच्चीवर, २९० गाड्यांचं. मी गेलो होतो, मुलाला घेऊन. पडदा झकास आहे, चित्र सुरेख दिसतं. मला आनंद झाला, खरंच झाला, की कोणालातरी ही कल्पना परत आणावीशी वाटली. फक्त तिथे जायला गाडी पाहिजे. आमची गच्ची त्यात कुठे बसत नाही.

(वसाहतीची गच्ची. तीच. संध्याकाळ.)

वसाहतीतल्या इमारती आता एकेक करून रिकाम्या होताहेत. आमचं घर केव्हाच सुटलं. पण शूटिंगसाठी परवानगी मिळाली, आणि मी ताईला बोलावलं. तिचे आता गुडघे दुखतात, आजीसारखीच धरून धरून वर आली. मी तिला विचारलं, पडदा नेमका कुठे होता गं? समोर तर नुसते टॉवर. तिने थोडा वेळ शोधलं. मग पाण्याच्या टाकीजवळ गेली, जिथे आम्ही सतरंजी टाकायचो तिथे, खाली बसली, आणि बसल्यावर तिला सापडलं. उभं राहून दिसत नाही म्हणाली, बसूनच दिसतं.

(निवेदन नाही. ताई हात करून दाखवते. टॉवरमधले दिवे एकेक लागतात. खालून रहदारीचा आवाज. शॉट तसाच राहतो.)