पायवर अल्पाइन: लाइट गेली तरी कार्ड शाबूत

मंडळी, रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकात बोर्ड सहसा दगा देत नाही, दगा देतं ते मायक्रो एसडी कार्ड. नेहमीची लिनक्स कार्डावर सतत काही ना काही लिहीत असते. लॉग, तात्पुरत्या फायली, पॅकेजच्या याद्या. नेमकी त्याच क्षणी लाइट गेली, की फाइल सिस्टिम अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी मशीन उठत नाही. पंपघरात किंवा सोसायटीच्या टाकीवर बसवलेल्या पायला यूपीएस कोण देतो? म्हणून आज अल्पाइन या छोट्या, आटोपशीर लिनक्सच्या डिस्कलेस पद्धतीबद्दल बोलू. यात सगळी सिस्टिम चालू होताना रॅममध्ये उतरते आणि कार्ड फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं राहतं.

उदाहरण म्हणून २०२१ साली आलेला पाय झीरो २ डब्ल्यू घेऊ. ५१२ एमबी रॅम, चार कोअर, एक गिगाहर्ट्‌झ. मॉस्किटो (उपकरणांचे मेसेज इकडून तिकडे पोचवणारा सर्व्हर) किंवा घरचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) चालवायला एवढं पुष्कळ झालं.

अल्पाइनच्या साइटवर पायसाठी प्रोसेसरच्या प्रकारानुसार एआरएमएचएफ, एआरएमव्ही७ आणि एआर्क६४ अशा फायली मिळतात. इथे डेबियन या दुसऱ्या लिनक्सची सवय घात करते. डेबियनमध्ये एआरएमएचएफ म्हणजे एआरएमव्ही७, अल्पाइनमध्ये तेच नाव एआरएमव्ही६साठी, म्हणजे पाय १ आणि पहिल्या झीरोसाठी. झीरो २ डब्ल्यूला एआर्क६४ घ्या. हीच फाइल जुन्या झीरोवर टाकली तर तो उठणारच नाही.

कार्डाचे दोन भाग करा. पहिला ५१२ एमबी ते १ जीबी, फॅट३२, बूटेबल खूण लावलेला. उरलेला एक्सट४, डेटासाठी. उतरवलेला टारबॉल (एकत्र बांधलेल्या फायलींचं गाठोडं) पहिल्या भागाच्या मुळाशी उघडायचा, आत वेगळं फोल्डर होऊ द्यायचं नाही. पायची बूट रॉम फॅटच्या मुळाशीच फायली शोधते. हिरवा दिवा थांबून थांबून चार वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाइल सापडलेली नाही, सात वेळा लुकलुकला तर कर्नल सापडलेलं नाही. हार्डवेअरचे स्वतःचे बदल युजरसीएफजी.टीएक्सटी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा, कॉन्फिग.टीएक्सटीला हात लावू नका. का, ते शेवटी येईल.

पहिल्यांदा मॉनिटर आणि कीबोर्ड लावा. मिनी एचडीएमआयची वायर आणि ओटीजी अडॅप्टर आधीच जवळ ठेवा. रूट म्हणून शिरा, पासवर्ड नसतो. मग सेटअप-अल्पाइन चालवा. वायफाय विचारेल तेव्हा २.४ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क द्या, या बोर्डाला ५ गिगाहर्ट्‌झ दिसतच नाही. खरी मेख शेवटच्या प्रश्नांत आहे. बूट मीडियावरच बसवू का, असं विचारलं तर 'एन'. डिस्क कोणती, तर 'नन'. सेटिंग कुठे ठेवायची, तर एमएमसीबीएलके०पी१, म्हणजे कार्डाचा पहिला भाग. पॅकेजचा कॅशे (उतरवलेल्या पॅकेजचा साठा) त्याच कार्डावर, 'कॅशे' नावाच्या डिरेक्टरीत. कॅशे नसेल तर प्रत्येक बूटला पॅकेज इंटरनेटवरून आणावी लागतील, आणि लाइट येते तेव्हा राउटर पायच्या नंतर उठतो.

आता मुख्य मुद्दा. रॅममधला कोणताही बदल 'एलबीयू कमिट -डी' म्हटल्याशिवाय टिकत नाही. एलबीयू हे अल्पाइनचं बदल साठवण्याचं साधन. ही आज्ञा सेटिंगची ईटीसी डिरेक्टरी गोळा करून कार्डावर एपीकेओव्हीएल नावाची फाइल बनवते. 'डी' जुनी फाइल काढून टाकते. नाहीतर मधे होस्टनेम (मशीनचं नाव) बदललं असेल तर जुन्या नावाची फाइल पडून राहते आणि कमिट अडून बसतं. एलबीयू स्टेटस दिलं की काय साठवायचं राहिलंय ते दिसतं. कमिट विसरलात तर एसएसएचच्या (दुरून मशीनमध्ये शिरण्याच्या सोयीच्या) चाव्यासुद्धा दर बूटला नव्या बनतात आणि लॅपटॉप ओरडत राहतो की सर्व्हरची ओळख बदलली आहे.

लक्षात ठेवा, आपोआप साठवली जाते ती ईटीसी. रूटच्या घरात ठेवलेल्या स्क्रिप्ट एलबीयू इन्क्लूडने सांगून घ्याव्या लागतात. व्हार डिरेक्टरीतला, प्रोग्रॅम चालताना साठणारा डेटा मात्र एपीकेओव्हीएलमध्ये कोंबू नका. तो एक्सट४च्या भागावर न्या. मॉस्किटोची डिरेक्टरी तिथे माउंट करा, मालकी मॉस्किटोच्या नावे करा, पर्सिस्टन्स (मेसेज डिस्कवर जपणं) चालू करा. मॉस्किटो मुळात १८०० सेकंदांनी एकदा डिस्कवर लिहितो, म्हणजे लाइट गेली तर अर्ध्या तासापर्यंतचे रिटेन केलेले (राखून ठेवलेले) मेसेज जाऊ शकतात. ३०० करा, पण कार्डावरचं लिखाण तेवढं वाढेल हे धरून चाला.

कार्ड १६ जीबीचं, तरी 'जागा नाही' असा एरर येतो, तेव्हा लोक गोंधळतात. रूट फाइल सिस्टिम रॅममध्ये आहे आणि तिला साधारण निम्मी रॅमच मिळते. २५० एमबीच्या आत सगळी पॅकेज बसवायची. कंपायलर वगैरे या मशीनवर आणूच नका. बाहेरून उतरवलेली तयार बायनरी (थेट चालवायची फाइल) समोर असूनही 'सापडली नाही' म्हणत असेल, तर ती ग्लिबसी या सी लायब्ररीसाठी बनलेली आहे आणि अल्पाइन मसल या वेगळ्या लायब्ररीवर चालते. जीकॉम्पॅट पॅकेजने काही बायनरी चालतात, सगळ्या नाही.

या बोर्डावर घड्याळाची चिप नाही. उठल्यावर तारीख जुनी असते आणि एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं 'अजून लागू नाहीत' म्हणून नाकारली जातात. चिपवरून वेळ घेणारी एचडब्ल्यूक्लॉक सेवा काढून शेवटची वेळ जपणारी एसडब्ल्यूक्लॉक लावा आणि क्रोनीच्या (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये 'मेकस्टेप १ ३' ही ओळ घाला. मग फरक एका सेकंदापेक्षा मोठा असेल तर पहिल्या तीन दुरुस्त्यांत वेळ एकदम सरकवली जाते.

नवीन आवृत्ती सहा महिन्यांनी येते. एपीके (अल्पाइनचं पॅकेज बसवण्याचं साधन) अपग्रेडने पॅकेज बदलतात, पण फॅटवरचं कर्नल जुनंच राहतं. आधी एपीकेओव्हीएलची प्रत लॅपटॉपवर घ्या. कार्ड वाचता-लिहिता येईल असं पुन्हा जोडा (रीमाउंट) आणि नवा टारबॉल वरून उघडा. कॉन्फिग.टीएक्सटी यात पुसली जाते, युजरसीएफजी.टीएक्सटी शाबूत राहते. मग रिपॉझिटरीच्या (पॅकेज कुठून आणायची ते सांगणाऱ्या) फाइलमधला आवृत्तीचा आकडा बदला, अपग्रेड करा, एपीके कॅशे सिंक चालवा, कमिट करा आणि लगेच रीबूट करून बघा. सिंक राहिलं तर नवी पॅकेज कॅशेत असतीलच असं नाही, आणि नेट नसताना उठलेल्या पायवर मॉस्किटो गायब सापडेल.