पदकाची नोंद कुठे अडते आणि ती कशी सोडवायची

मंडळी, आजचा विषय छोटा आहे, पण इथे बसलेल्या बऱ्याच घरांत तो वर्षानुवर्षं अडकून पडला आहे. माजी सैनिकाचं हक्काचं सेवा पदक डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तिकेत) लागलेलं नाही, किंवा चुकीचं लागलं आहे, किंवा लागलं आहे पण हातात आलेलं नाही.

आधी कुंपण घालून घेऊ. शौर्य पदकं आजच्या बोलण्यात नाहीत. ती राजपत्रात जाहीर होतात, त्यासाठी त्या वेळी युनिटनं शिफारस केलेली असावी लागते, आणि ती राहून गेली म्हणून आज साधा अर्ज करून ती मिळत नाहीत. मेरिटोरियस सर्व्हिस मेडल आणि लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल हीसुद्धा निवड करून, मर्यादित संख्येत दिली जातात. नुसती वर्षं भरली म्हणून त्यांच्यावर हक्क सांगता येत नाही. उरतात ती पदकं, जी ठरावीक तारखांना, ठरावीक भागात किंवा ठरावीक दिवस सेवा केली की मिळायलाच हवीत: समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६५ची, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ची, सैन्य सेवा मेडल आणि त्यावरच्या पट्ट्या (क्लॅस्प), हाय अल्टिट्यूड, सियाचीन, विदेश सेवा, कारगिलनंतरचं ऑपरेशन विजय स्टार आणि मेडल, ऑपरेशन पराक्रम, ९, २० आणि ३० वर्षांची दीर्घ सेवा मेडलं, स्वातंत्र्याच्या २५व्या, ५०व्या आणि ७५व्या वर्षाची मेडलं. यांत कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. अट पूर्ण झाली की नाही, एवढंच बघायचं.

बहुतेक अर्ज फसतात ते एका कारणानं. अर्जात लिहिलेलं असतं, ‘मी १९७१च्या लढाईत होतो, मला मेडल मिळालं नाही, कृपया द्यावं.’ रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवा नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, यातून काहीच कळत नाही, कारण पदक न मिळण्याच्या तीन वेगळ्या जागा आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

नोंद कशी चालते ते बघा. युनिटमध्ये पात्र माणसांची यादी तयार होते. त्यावरून युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या नोंदीतला बदल कळवणारा लेखी आदेश, काढतं. पोस्टिंग, रजा, लग्न, मुलाचा जन्म जसा पार्ट टू ऑर्डरनं कळवला जातो, तसंच पदकही. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे तुमच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर, नोंद होते, आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरते. धातूचं मेडल ही पुन्हा वेगळी वाट आहे: ते टांकसाळीतून येतं, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलं जातं, आणि मग वाटप होतं. रिबन आधी लागते, मेडल कित्येक वर्षांनी येतं. म्हणून गणवेशातल्या फोटोत रिबन दिसते आणि पेटीत मेडल नाही, असं सर्रास आढळतं. छावणीच्या बाजारातून विकत घेतलेली प्रतिकृती घालून लोकांनी नोकरी पूर्ण केली आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारायचा: पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही का? निघाली, पण शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरली नाही का? की नोंद आहे आणि फक्त मेडल मिळायचं राहिलं आहे? तिसरं सगळ्यांत सोपं, ऑर्डरचा नंबर आणि तारीख देऊन मेडल मागायचं. दुसऱ्यात डिस्चार्ज बुक दुरुस्त करून मागायचं, आणि मेडल आलेलं नसेल तर त्याच अर्जात तेही लिहायचं. पहिलं कठीण, कारण तिथे पात्रताच नव्यानं सिद्ध करावी लागते.

कुठली जागा अडली आहे हे घरी बसून कळत नाही, म्हणून माझा आग्रह आहे की मागणीचा अर्ज करण्याआधी माहितीचा अर्ज करा. माहितीचा अधिकार कायदा, २००५. दहा रुपये शुल्क, पोस्टल ऑर्डरनं किंवा केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. तुमच्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, आर्मर्ड कोर आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) सिकंदराबादला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला, आणि नौदलाच्या सेलर्सचं काम मुंबईत मानखुर्दला चालतं.

अर्जात ‘मला मेडल का दिलं नाही’ असं विचारू नका. ‘का’ ही माहिती होत नाही, आणि त्या एका शब्दावर अर्ज परत येतो. मागायचं ते असं: ‘माझ्या शीट रोलची प्रत, त्यावर नोंदलेल्या सर्व पदकांच्या पार्ट टू ऑर्डरचे नंबर व तारखा, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी ज्या युनिटच्या स्ट्रेंथवर होतो त्याची नोंद.’ तीन वाक्यं पुरतात. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलाला घाबरू नका, बरीच कागदपत्रं पहिल्या अपिलानंतर बाहेर येतात.

नंबर नीट लिहा, आणि सगळे लिहा. शिपाई ते हवालदार एक नंबर, नायब सुभेदार झाल्यावर जेसी (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा) नंबर. जुनी पदकं जुन्या नंबरावर निघालेली असतात, आणि फक्त जेसी नंबर दिला की शोधणाऱ्याला ती दिसतीलच असं नाही. एका कोरमधून दुसऱ्यात बदली झालेल्यांचंही तेच. निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये) गेलेल्यांचं तर रेकॉर्डच दोन ठिकाणी असतं: पहिली नोकरी मूळ रेजिमेंटकडे, दुसरी केरळात कन्नूरला. डीएससीच्या डिस्चार्ज बुकात जुनं पदक नाही म्हणून कन्नूरला लिहीत बसण्यात वर्षं जातात. आधी मूळ रेजिमेंटच्या शीट रोलवर ते आहे का ते बघा. तिथे असेल तर त्याची प्रत कन्नूरला पाठवायची.

नोंदी गळतात त्या मुख्यतः अशा जोडणीच्या ठिकाणी. जवान स्वतःच्या पलटणीत असतो तेव्हा कंपनी क्लार्कच्या नजरेसमोर असतो. राष्ट्रीय रायफल्समध्ये (आरआर) गेला, दुसऱ्या युनिटला अटॅच झाला, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेला, की तिथल्या युनिटनं ऑर्डर काढायची आणि ती मूळ रेकॉर्डला पोचायची, असा लांबचा रस्ता होतो. आरआर बटालियनमध्ये सगळ्या रेजिमेंटची माणसं, प्रत्येकाचं रेकॉर्ड वेगळं. जखमी होऊन हॉस्पिटलमध्ये गेलेला माणूसही यादीतून सुटतो, कारण यादी झाली त्या दिवशी तो युनिटमध्ये नव्हता.

जखमेचा विषय निघाला म्हणून पराक्रम पदकाबद्दल, म्हणजे जखमी सैनिकाच्या वूंड मेडलबद्दल, थांबून सांगायला हवं; ऑपरेशन पराक्रमचं मेडल वेगळं. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेली जखम ही त्याची अट आहे. इथे सगळं ठरतं ते त्या वेळी तुम्हाला बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला जखमी) म्हणून नोंदलं की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणानं जखमी) म्हणून. तोफगोळ्याचा तुकडा लागला आणि कागदावर ‘पडून दुखापत’ असं गेलं असेल, तर पदक मागून उपयोग नाही. आधी ते वर्गीकरण बदलून घ्यावं लागेल. त्यासाठी हॉस्पिटलची कागदं, मेडिकल बोर्डाची कार्यवाही, आयएएफवाय २००६ हा दुखापतीचा अहवाल आणि कॅज्युअल्टी कळवणारा पहिला संदेश यांच्या प्रती मागा. वर्गीकरणाचा परिणाम पेन्शनवरही होतो, त्यामुळे हे काम पदकापेक्षा मोठं आहे आणि त्याच गांभीर्यानं करावं.

आता पुरावा, म्हणजे पार्ट टू ऑर्डर निघालीच नाही अशा प्रकरणात. प्रत्येक पदकाची अट वाचा, ऐकीव धरू नका. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा आहे, म्हणजे लढाई संपल्यावर वर्षभर, आणि त्यात भाग ठरवून दिलेले आहेत. लढाईत नव्हतो म्हणून आपण पात्र नाही, असं समजून गप्प बसलेले लोक आहेत. त्यांनी त्या वर्षातलं आपलं पोस्टिंग तपासावं. हाय अल्टिट्यूडसाठी ९,००० फुटांवरचे एकूण १८० दिवस लागतात, सलग नव्हे. दोन उन्हाळ्यांत ११० आणि ८५ दिवस झाले असतील तर १९५ भरतात, पण दोन्ही वेळचं पोस्टिंग वेगवेगळ्या ऑर्डरमध्ये असतं आणि बेरीज कुणी केलेली नसते. ती तुम्ही करून, तारखांसकट कागदावर मांडा.

सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे त्याच युनिटमधल्या, त्याच काळातल्या सोबत्याची पदकाची पार्ट टू ऑर्डर. तिचा नंबर मिळाला की रेकॉर्डला बोट ठेवायला जागा मिळते: ‘या यादीत ही माणसं आहेत, मीही त्याच तारखांना याच कंपनीत होतो.’ त्याचं प्रतिज्ञापत्र जोडा, पण ऑर्डरच्या नंबराशिवाय नुसतं प्रतिज्ञापत्र हलकं पडतं. जुनी मूव्हमेंट ऑर्डर, रजेचा दाखला, पे बुक उपयोगी. घरच्या ट्रंकेतली पत्रं टाकू नका. पत्त्यात ९९ एपीओ (लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक) असेल तर युनिट पूर्वेकडे होतं, ५६ एपीओ असेल तर उत्तर-पश्चिमेकडे, इतकं तरी कळतं. जागा सिद्ध होत नाही, पण युनिटचं नाव आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख बाकीच्या कागदांना आधार देते. फोटोतली रिबन मात्र पुरावा म्हणून धरू नका.

हे जमलं की मुख्य अर्ज एका पानात बसतो. वर सगळे नंबर, हुद्दा, नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे अगदी तसं. भरतीच्या क्लार्कनं ‘जाधव’चं स्पेलिंग काय केलं होतं, आडनाव गाळलं होतं का, हे बघून तेच लिहा, आधार कार्डावरचं नाव वेगळं असेल तर ते खाली स्वतंत्र ओळीत. दोन्ही चुका एका अर्जात घालू नका, नावाची दुरुस्ती हे वेगळं प्रकरण आहे. मग कुठलं पदक, कुठली पट्टी, कुठल्या तारखा, कुठलं युनिट, कुठली ऑर्डर. शेवटी नेमकी मागणी. प्रमाणित प्रती जोडा, मूळ डिस्चार्ज बुक कधीही पोस्टानं पाठवू नका. स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह अर्ज गेला तर पाठपुरावा सोपा होतो. वीरपत्नी किंवा वारस अर्ज करत असतील तर मृत्यू दाखला आणि पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डरची) प्रत हवी, आणि अर्जदाराचं नाव रेकॉर्डमध्ये लागलेलं आहे का तेही आधी तपासा.

नकार आला, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जायचं. उत्तर नसेल तर ते सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने. पुन्हा पुन्हा तोच अर्ज पाठवल्यानं मुदत नव्यानं सुरू होत नाही, हे फार लोकांना महागात पडलं आहे. उशीर झालाच असेल तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो.

राहिले ते, ज्यांना पेन्शन नाही. १९६५ किंवा ७१नंतर थोड्या वर्षांत घरी आलेले. रेग्युलेशन्स फॉर द आर्मी, १९८७च्या परिच्छेद ५९५ प्रमाणे पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात. ‘कागदपत्रं नष्ट झाली’ असं उत्तर आलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नका. लाँग रोल हे नोंदवहीच्या रूपातलं रेकॉर्ड त्यानंतरही ठेवलेलं असतं. त्यात नंबर, नाव, भरतीची आणि सुटकेची तारीख मिळते. माहितीच्या अधिकारात त्याचा उतारा मागा. त्या तारखांच्या आधारानं त्याच काळातल्या पेन्शनर सोबत्याची ऑर्डर शोधा, कारण त्याची कागदपत्रं शिल्लक असण्याची शक्यता जास्त आहे. १९७१ला अठरा वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे, म्हणून सोबत्यांचे पत्ते आणि प्रतिज्ञापत्रं ही या सगळ्यातली पहिली गोळा करायची गोष्ट आहे, माहितीच्या अर्जाच्याही आधी.