डेकवर घेतलं म्हणजे सुटका झाली का?

(कोल्हापुरातील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बोट कशी उलटते, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णाकाठी ब्रह्मनाळला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. भूमध्य समुद्रातही असंच घडतं, पण तिथे काठ दिसत नसतो. लिबियाच्या किनाऱ्यापासून इटलीचं लांपेदूसा बेट सुमारे 300 किलोमीटर. रबरी बोट दहा-बारा मीटरची, आणि तिच्यात युरोपात आसरा शोधायला निघालेली शंभराच्या वर माणसं. 2014 पासून या समुद्रात मेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या माणसांची आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेकडची नोंद 25,000 च्या कधीच पुढे गेली आहे, आणि ही फक्त कळलेल्यांची नोंद.

त्या बोटीत डोकावून बघा. बायका-मुलांना मधोमध, तळाशी बसवतात, कारण कडेला बसलेला माणूस आधी पाण्यात पडतो. पण पेट्रोलचे कॅनही तिथेच असतात. ते हिंदकळतात, पेट्रोल सांडतं आणि तळात साचलेल्या खाऱ्या पाण्यात मिसळतं. त्यात तासन् तास बसून मांड्यांची, पाठीची कातडी अक्षरशः सोलून निघते. म्हणून अशा बाईला वर घेतल्यावर आधी ओले कपडे उतरवायचे, भरपूर गोड्या पाण्याने अंग धुवायचं आणि मगच ब्लँकेट द्यायचं. थंडीने कुडकुडते आहे म्हणून ओल्या कपड्यांवरच ब्लँकेट गुंडाळलं, तर भाजणं आतल्या आत चालूच राहतं.

त्याच्याही आधी, बोटीजवळ जाणं हेच सगळ्यांत धोक्याचं काम. मोठं जहाज लांब थांबवतात आणि लहान वेगवान बोट पुढे पाठवतात. ती थेट बाजूला भिडत नाही. भिडली की सगळे त्या कडेला धावतात आणि बोट कलंडते. आधी थोड्या अंतरावरून, त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं: खाली बसा, कुणालाही मागे ठेवणार नाही. मग प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. माणसं हलवायची ती त्यानंतर, थोडी थोडी करून. मालवाहू जहाजाकडे यातलं फारसं काही नसतं. त्याची भिंत पाण्यापासून कितीतरी मीटर उंच, खलाशी वीस-बावीस, आणि चढायला दोरीची शिडी. 18 एप्रिल 2015 च्या रात्री मदतीला आलेल्या अशाच एका जहाजावर खच्चून भरलेली बोट आदळली आणि 800 हून अधिक माणसं गेली. म्हणून हे काम सरकारांनी व्यापारी जहाजांवर सोडून देणं मला अक्षम्य वाटतं.

कायदा काय म्हणतो? 1974 च्या सागरी सुरक्षा करारानुसार, समुद्रात कुणी संकटात असल्याची खबर कुठूनही मिळाली तरी कप्तानाने तिकडे वेगाने गेलंच पाहिजे; राष्ट्रीयत्व विचारायचं नाही, कागदपत्रं विचारायची नाहीत. 1979 च्या शोध व बचाव करारानुसार समुद्राची विभागणी करून प्रत्येक भागाच्या समन्वयाची जबाबदारी त्या त्या देशावर आहे. भारताच्या वाट्याला सुमारे 46 लाख चौरस किलोमीटर आलेत, ते आपलं तटरक्षक दल सांभाळतं. आपल्याकडच्या मच्छीमारांसाठी त्याचा 1554 हा नंबर आहे.

'संकट' कशाला म्हणायचं, यावरच मोठी पळवाट आहे. 14 जून 2023 ला ग्रीसच्या पायलोसजवळ एक मासेमारी बोट बुडाली. तिच्यात अंदाजे 750 जण होते, वाचले 104. बोटीवरच्यांनी मदत नाकारली, असं ग्रीक तटरक्षकांचं म्हणणं. पण युरोपीय संघाचा 2014 चा सागरी सीमा-गस्तीचा नियम वाचा. बोटीच्या मानाने माणसं किती, इंधन-पाणी-अन्न पुरेसं आहे का, जाणकार खलाशी आहे का, लाइफ जॅकेट आहेत का, लहान मुलं, गरोदर बायका आहेत का, हे सगळं तपासायला तो सांगतो. मदत मागितली की नाही, एवढ्यावरच निर्णय घेऊ नका, असंही त्यात स्पष्ट आहे. या कसोट्या लावल्या तर ती बोट बंदरातून निघाली तेव्हापासूनच संकटात होती.

दुसरी पळवाट म्हणजे माणसांना परत ढकलणं. इटलीने 2009 मध्ये सोमाली आणि इरिट्रियन माणसांना समुद्रातूनच लिबियाला परत नेलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये इटलीला दोषी धरलं. जहाज तुमचं, ताबा तुमचा, म्हणजे जबाबदारीही तुमचीच, भले ते भर समुद्रात का असेना. मग धोरण बदललं: 2017 पासून इटलीने लिबियाच्याच तटरक्षकांना बोटी आणि प्रशिक्षण दिलं. आता अडवतो लिबिया. माणूस मात्र त्याच लिबियाच्या कोठडीत पोहोचतो.

बचाव केला तर आणखी लोक येतात, असं म्हणणारे आहेत. इटलीची 'मारे नोस्त्रुम' ही नौदल मोहीम ऑक्टोबर 2014 मध्ये बंद झाली. तिने वर्षभरात सुमारे दीड लाख जीव वाचवले होते. बंद केल्यावर लोक थांबले नाहीत. एप्रिल 2015 ची दुर्घटना तिच्यानंतरची आहे.

आता मुख्य मुद्दा. 2004 मध्ये या करारांत दुरुस्त्या झाल्या आणि बचाव कधी पूर्ण होतो ते ठरलं: माणसं 'सुरक्षित ठिकाणी' उतरली की. भूमध्य समुद्रातल्या माल्टा या छोट्या बेटदेशाने त्या दुरुस्त्या स्वीकारल्याच नाहीत. 2020 मध्ये एक मालवाहू जहाज 27 जणांना घेऊन माल्टाजवळ पाच आठवड्यांहून अधिक काळ खोळंबलं. इटलीने 2023 मध्ये कायदा केला की बचाव करताच नेमून दिलेल्या बंदराकडे निघायचं. ते बंदर अनेकदा आंकोना किंवा राव्हेन्नासारखं दूर उत्तरेला. तितके दिवस बचावाच्या भागात एक जहाज कमी.

आपल्या शेजारचंही बघा. फेब्रुवारी 2021 मध्ये बांगलादेशातून निघालेली रोहिंग्यांची बोट इंजिन बंद पडून अंदमान समुद्रात भरकटली. भारतीय तटरक्षकांनी ती गाठली, अन्न, पाणी, औषधं दिली. ही मदत खरी होती. पण उतरवून घ्यायला कुणीच तयार नव्हतं. 90 पैकी 81 जण शेवटी जूनमध्ये इंडोनेशियाच्या किनाऱ्याला लागले, शंभराहून अधिक दिवसांनी.

सुरक्षित ठिकाणाच्या कसोट्या तीन. जिवाला धोका नको. अन्न, निवारा, औषधपाणी मिळावं. आणि तिथून पुढे जाण्याची सोय करता यावी. त्या कशा दिसतात हे बघायला कोल्हापूरकरांना लांब जायला नको. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे 5,000 पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 ते 1948 आपल्या वळिवडे इथे राहिले. शाळा होती, दवाखाना होता, चर्च होतं. छावणी मिटली तेव्हा अनेकांना पोलंडला परतणं शक्य नव्हतं. त्यांची ब्रिटनकडे, आफ्रिकेकडे जाण्याची सोय झाली. मग त्याच जागेवर फाळणीत उखडली गेलेली सिंधी कुटुंबं आली. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर ते हेच.