मुखवटा घालून गस्तीला

मंडळी, काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर व्याख्यान झालं. आज मी तुम्हाला घट्ट लाल विजार आणि पिवळी केप घालणाऱ्या माणसांबद्दल सांगणार आहे. विषय ऐकून संयोजकांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली. हो, हाच विषय. सिनेमातले नव्हेत, खरेखुरे. पदरच्या पैशाने पोशाख शिवून, तोंडावर मुखवटा चढवून रात्री शहरात गस्त घालणारी माणसं. अमेरिकेत यांना 'रिअल लाइफ सुपरहिरो' म्हणतात.

यातले बहुतेक जण काय करतात ते आधीच सांगतो, म्हणजे तुमची निराशा लवकर उरकेल. ते मोजे वाटतात. मोजे, पाण्याच्या बाटल्या, सँडविच. फुटपाथवर झोपलेल्यांना. पाठीवर पिशवी, कमरेला टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी, आणि तीन-चार तास पायपीट. खलनायक काही भेटत नाही. ही रिकामी रात्र लक्षात ठेवा, कारण सगळी गडबड तिच्यातूनच सुरू होते.

यातला सगळ्यात गाजलेला गडी सिअ‍ॅटलचा. नाव घेतलं होतं फिनिक्स जोन्स. अंगात काळा-सोनेरी पोशाख, आत गोळी आणि सुरा अडवणारं चिलखत. मूळचा एमएमए, म्हणजे ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणारा खेळ, खेळणारा, म्हणजे मारामारीचं अंग होतंच. गाडीची काच फोडून चोरी झाली, त्या काचेने त्याचा मुलगा जखमी झाला, तिथून हे सुरू झालं असं तो सांगत असे. साधारण २०१०-११च्या सुमारास त्याचं नाव झालं आणि त्याच्याभोवती 'रेन सिटी सुपरहिरो मूव्हमेंट' नावाचा गट जमला. सिअ‍ॅटल म्हणजे पावसाचं शहर, त्यावरून ते नाव.

सिअ‍ॅटल ज्या राज्यात आहे, तिथे कायद्याने रात्री दोनला दारू देणं बंद होतं. म्हणजे दोनच्या ठोक्याला सगळ्या बारमधली गर्दी एकदम रस्त्यावर. कुणी टॅक्सी शोधतंय, कुणी रडतंय, कुणी कारण नसताना कुणाच्या तरी अंगावर धावून जातंय. गस्तीचा मुहूर्त हाच. ९ ऑक्टोबर २०११च्या पहाटे असाच एक घोळका रस्त्यात दिसला. जोन्सला ती मारामारी वाटली. तो धावत मध्ये घुसला आणि त्याने पेपर स्प्रे मारला. सोबत कॅमेरा होता, त्यामुळे पुढचं जगाने पाहिलं. ती मंडळी मारामारी थांबवून त्याचे आभार वगैरे मानत नाहीत. एक बाई पायातला जोडा काढते आणि सुपरहिरोला बडवायला लागते. तो मागे सरकतोय, पोलिसांना फोन करा म्हणून ओरडतोय, बाई काही थांबत नाही. त्या लोकांचं म्हणणं, आम्ही मजेत नाचत-बागडत चाललो होतो, हा मुखवटेवाला आला आणि त्याने डोळ्यांत तिखट फवारलं.

पोलिसांनी अटक केली ती त्याला. चार दिवसांनी तो कोर्टात आला तेव्हा शर्टाच्या आत तोच पोशाख होता आणि तोंडावर मुखवटा. कोर्टात तो काढायला लावला. बाहेर आल्यावर पत्रकारांसमोर त्याने आपण होऊनच चेहरा दाखवला. पुढे सरकारी वकिलांनी खटला भरला नाही, तोही पुन्हा गस्तीला लागला, आणि २०१४मध्ये गट मोडला. ती मारामारी होती की नाच, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. मला त्या बाईचा जोडा महत्त्वाचा वाटतो.

सांगतो का. माझ्या लहानपणी सुगीनंतर आमच्या गावात बहुरूपी यायचा. खाकी शर्ट, त्याला बटणं दोन रंगांची, खांद्यावर तारे म्हणून सोड्याच्या बाटलीची बुचं ठोकून चपटी केलेली. काखेत वही. दारात येऊन दरडावायचा, "कुठाय तो? वॉरंट आहे नावावर! चला चौकीला!" आजोबा चष्मा पुसत विचारायचे, "गुन्हा काय साहेब?" "गुन्हा असा की म्हातारी इतकी देखणी आणि तुम्ही हे असे!" आजी पदर तोंडाला लावून हसायची आणि सुपात धान्य घेऊन यायची. आता बघा, सोंग बहुरूप्याचं, पण ते चालवणारे आम्ही सगळे होतो. हा खेळ आहे हे त्यालाही माहीत, आजोबांनाही माहीत, माझ्या धाकट्या भावाचा अपवाद सोडला तर सगळ्या गल्लीला माहीत. तो आपला मोरीत लपून बसायचा. सिअ‍ॅटलच्या त्या रस्त्यावर पहाटे सगळेच माझ्या धाकट्या भावासारखे होते. सुपरहिरोचं सोंग आहे हे एकालाच ठाऊक. समोरच्याला दिसला तो अंधारातून तोंड झाकून धावत आलेला धिप्पाड माणूस. जोडा निघणारच.

आणि तो धावला का? तर गस्त घालणाऱ्याला गुन्हा शोधावा लागतो म्हणून. चिलखत घालून, कॅमेरा घेऊन तीन तास पावसात चालल्यावर माणसाला काहीतरी सापडावंसं वाटतं. पोलिसालाही वाटत असेल, पण त्याला वर साहेब असतो, डायरी असते, पाळी संपते.

मागे एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, आपल्याकडे असं कुणी केलं तर? आपल्याकडेही सामान्य माणूस अटक करू शकतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०वं कलम बघा. पण डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा माणूस फरार घोषित असेल तर, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. केपचा उल्लेख नाही.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तो माणूस. त्याच्यासाठी आपल्याला मेक्सिको सिटीत जावं लागेल, १९८५च्या सप्टेंबरात. १९ तारखेला सकाळी सातच्या सुमारास भूकंप झाला आणि शहराच्या मध्यभागातली जुनी वस्ती कोसळली. तिथल्या घरांना म्हणतात वेसिंदाद. शब्द परका, घर ओळखीचं. मध्ये अंगण, भोवती एकेक खोलीचे संसार, नळ सामाईक, भांडण सामाईक. आपली चाळच. भाडंसुद्धा आपल्यासारखंच, १९४०च्या दशकात कायद्याने गोठवलेलं. पागडीच्या घरात वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको. इमारत पडली किंवा पडायला आली की मालकाला जागा दिसते, भाडेकरू दिसत नाही. घरं खाली करून घ्यायची झुंबड उडाली. त्याविरुद्ध भाडेकरू एकत्र आले आणि १९८७मध्ये 'असाम्ब्लेआ दे बारिओस', म्हणजे वस्त्यांची सभा, उभी राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये एका निदर्शनात एक पोट सुटलेला पैलवान हजर झाला. लाल घट्ट पोशाख, पिवळी चड्डी, पिवळी केप, छातीवर एस-बी, तोंडावर लाल-पिवळा मुखवटा. सुपरबारिओ.

तो उडत नव्हता. कुणाला मारतही नव्हता. घर खाली करायला कोर्टाचा माणूस यायचा, सोबत मालकाने आणलेले हमाल. पलंग, गॅसची शेगडी, देवाची तसबीर, सगळं उचलून फुटपाथवर. अशा वेळी शेजारीपाजारी दारात गोळा व्हायचे आणि त्यांच्या मध्ये हा केपवाला उभा राहायचा. झालं, इतकंच. पण कोर्टाच्या माणसाने काय करावं? गरीब विधवेला बाहेर काढताना कुणी फोटो काढायला येत नाही. सुपरबारिओला ढकलताना येतं. मुलं हसतात, पेपरवाले धावतात, हमाल एकमेकांकडे बघतात.

मुखवट्याचं तिथे वजन का, ते समजून घ्या. मेक्सिकोत कुस्ती म्हणजे 'लुचा लिब्रे', आणि तिथला मोठा मल्ल मुखवट्यातच जगतो. हरल्यावर मुखवटा उतरवावा लागणं यासारखी नामुष्की नाही. एल सांतो नावाचा चंदेरी मुखवट्याचा मल्ल १९८४मध्ये वारला, त्याला मुखवट्यासकट पुरलं. त्यामुळे सुपरबारिओ अधिकाऱ्यांसमोर वाटाघाटीला मुखवटा घालून बसायचा, तेव्हा ती खोली बहुरूपी आलेल्या आमच्या गल्लीसारखी व्हायची. नियम सगळ्यांना पाठ. मुखवटा ओढणारा साहेब गावभर खलनायक ठरला असता. आणि आत कोण? एकाहून जास्त माणसं असल्याचं कायम बोललं गेलं. विचारलं तर वस्तीतले म्हणत, आपण सगळेच सुपरबारिओ. अटक कुणाला करणार?

शिवाय त्याला रात्री पायपीट करून खलनायक हुडकायचा नव्हता. खलनायकाचा पत्ता, घर खाली करायची तारीख, सगळं नोटिशीत छापलेलं असायचं.

त्याच शहरात २०१२पासून पेआतोनितो नावाचा एक पोरगेला पैलवान दिसू लागला. मुखवटा, आणि झेब्रा क्रॉसिंगसारखे काळे-पांढरे पट्टे असलेली केप. ती केप आजीने शिवून दिलेली. सिग्नलला गाडी पट्ट्यांवर चढून थांबली की हा पुढे येतो, बॉनेटवर दोन्ही हात टेकतो आणि गाडी मागे ढकलायचा आव आणतो. ड्रायव्हर आधी चिडतो, मग केप बघतो, मग हसून रिव्हर्स टाकतो. हा अंगठा वर करतो आणि म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडून देतो. तेवढ्यात सिग्नल हिरवा होतो, की याला फुटपाथवर पळावं लागतं, केप सावरत.

चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत म्हणे. तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागे बसलेल्या त्या आजोबांनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.