माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि मामांचा भुईकाटा

नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई सुरू असेल तुमच्याकडं, आणि माळ्यावरून काय काय खाली आलं असेल ते मी इथं बसून सांगू शकते. तांब्याचा बंब, कुणाच्या तरी लग्नात आलेले दोन लेमन सेट, आणि जुन्या दातासारखा पिवळा पडलेला एक कॉम्प्युटर. आता घरात दोन पार्ट्या पडल्या असतील. एक म्हणते भंगारात द्या, दुसरी म्हणते राहू दे हो, तेव्हा चाळीस हजाराला घेतला होता. आज मी दुसऱ्या पार्टीकडून बोलणार आहे, फक्त अट एकच. ठेवायचा तर त्याला काम द्यायचं. एकच काम. सगळी कामं एकट्यानं करण्याचं त्याचं वय गेलं, पण एक काम दिलं की म्हातारा माणूस जसा रोज न चुकता पारावर येऊन बसतो तसा तो चालतो.

हे मला कसं कळलं ते सांगते, म्हणजे आधी ती मामांची गोष्टच सांगते, बाकीचं नंतर बघू.

माझ्या मामांचा तासगाव भागात रस्त्याकडंला भुईकाटा होता. भुईकाटा तुम्हाला माहितीये, ट्रक येतो, प्लॅटफॉर्मवर चढतो, आत केबिनमध्ये लाल आकडे पळतात आणि थांबतात. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन बरोबर निव्वळ माल, एवढंच गणित. मामांकडं त्यासाठी एक पेंटियम थ्री कॉम्प्युटर होता, सेकंडहँड घेतलेला, आणि त्याला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो करकर आवाज करणारा. त्यात तीन कागद कार्बनसकट घालायचे, एक ड्रायव्हरला, एक व्यापाऱ्याला, एक काट्यावर. आजचा लेझर प्रिंटर कितीही भारी असू दे, त्याला खालच्या दोन कागदांवर उमटवता येत नाही, कारण तो कागदाला टोचतच नाही. डॉट मॅट्रिक्स पिनांनी रिबिनीवर अक्षरशः ठोकतो, म्हणून तीन कॉप्या एका दमात.

तर मी शिकलेली भाची. २०१९ साली मीच मामांच्या मागं लागले, की मामा हे काय डबडं घेऊन बसलाय, नवीन लॅपटॉप घ्या. मामांनी घेतला. भाचीचं ऐकतात बिचारे. आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला, कारण काट्याचा इंडिकेटर, म्हणजे ते लाल आकडे दाखवणारा डबा, वजन पाठवतो ते सिरियल पोर्टातून, नऊ पिनांचा तो पोर्ट, आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. मग यूएसबीचा कन्व्हर्टर आणला. तो चालायचा, नाही असं नाही, पण तिकडं लाईटची नुसती फडफड झाली की लॅपटॉप म्हणणार, हा कोण नवीन पाहुणा आला, आणि पोर्टाचा नंबर कॉम थ्रीचा कॉम फाईव्ह करून टाकणार. सॉफ्टवेअर कॉम थ्रीवर वाट बघत बसलंय, वजन येतंय कॉम फाईव्हवर, स्क्रीन कोरी, आणि बाहेर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवतायत. मामा माझ्याकडं बघायचे, बोलायचे काही नाहीत. ते बघणंच पुरे व्हायचं.

(हे पोर्ट काढून टाकायचं काय वेड लागलंय या कंपन्यांना मला कळत नाही. आधी हा काढला, मग सीडी काढली, मग हेडफोनचं भोक काढलं. उद्या की-बोर्ड काढतील आणि म्हणतील हलका झाला बघा.)

असो. आठ दिवसांनी मामा स्वतः शिडी लावून माळ्यावर चढले आणि पेंटियम खाली घेऊन आले. चालू होईना. मी पाठ उघडली, आत पालीची अंडी आणि बोटभर धूळ. रंगकामाचा ब्रश घेतला, धूळ झाडली, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी काढली आणि तिची सोनेरी कड खोडरबरानं पुसली. साधा शाळेतला खोडरबर. परत बसवली, टक् आवाज आला, आणि सुरू की हो मशीन! मामांनी उदबत्ती लावली.

फक्त एक गोष्ट. चालू होताना काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि की-बोर्डवरचं एफ-वन दाबा म्हणायचं. आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर, एक चपटा सेल असतो, नाण्याएवढा, तो मेला होता. त्या सेलचं काम काय, तर लाईट गेली तरी तारीख लक्षात ठेवायची. सेल मेला की मशीनला वाटतं आपण आत्ताच जन्मलो, १ जानेवारी २००२. मला माहिती होतं हे. मी रोज सकाळी तारीख हातानं घालायला मामांना शिकवलं आणि म्हटलं सेल काय, आणू नंतर. हे 'नंतर' आपल्या घराघरात किती सामान अडकवून बसलंय देव जाणे.

आणि मग एक दिवस आला भंगाराचा टेम्पो. भरलेला. सकाळी पावणेदहाला काट्यावर चढला, मामांनी वजन घेतलं, तारीख बरोबर, २०१९. टेम्पो गेला व्यापाऱ्याच्या गोडाऊनला माल उतरवायला. मध्येच लाईट गेली, तासाभरानं आली. मामांनी मशीन चालू केलं, एफ-वन म्हणालं, मामांनी एफ-वन दाबला. तारीख घालायची राहिली, कारण ती सकाळचं काम होतं ना, आणि सकाळ तर झाली होती! टेम्पो रिकामा परत आला. वजन घेतलं. सॉफ्टवेअर गाडीच्या नंबरावरून सकाळची नोंद शोधायचं, ती सापडली, वजाबाकी चोख, निव्वळ वजन किलोला किलो बरोबर. प्रिंटरनं करकर करत तीन कॉप्या काढल्या.

अर्ध्या तासात व्यापाऱ्याचा मुनीम पावती घेऊन हजर. म्हणाला, आण्णा, ही गाडी काय भूताची हाय का? मामा म्हणाले, का वो? तर म्हणाला, भरलेली आली आज, आणि रिकामी होऊन गेली सतरा वर्षांमागं. माल यायच्या आधीच उतरला की! मी पैसे कुठल्या सालाच्या खात्यात टाकू? टेम्पोचा ड्रायव्हर पोरगेलासा होता, मागं उभा. त्यानं पावतीवर डोकावून बघितलं आणि म्हणाला, दोन हजार दोनला तर मी रांगत हुतो, गाडी कुणी चालवली? केबिनमध्ये हसून हसून मुरकुंडी. मामा मात्र गंभीर. त्यांनी पेन घेतलं, तिन्ही कॉप्यांवर तारीख खोडली, नवी घातली, तिन्हीवर सही केली आणि माझ्याकडं वळून एवढंच म्हणाले, बाळ, सेल आण.

आणला. चाळीस-पन्नास रुपयांचा सेल.

त्या दिवशी जाता जाता त्या मुनीमानं कॉम्प्युटरकडं बघून विचारलं, आण्णा, हे डबडं किलोवर देता का? मामा म्हणाले, दिलं असतं, पण त्याला काट्यावर ठेवलं तर आकडा कोण वाचणार?

तर हे एक मशीन, एक काम. आणि हे काही आपल्याकडंच चालतं असं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं गाव आहे, तिथल्या १९ शाळांचं हीटिंग आणि एसी ऐंशीच्या दशकातला एक अमिगा कॉम्प्युटर चालवत होता, २०१५ साली बातमी आली तेव्हासुद्धा. प्रोग्रॅम लिहिला होता तिथल्याच एका शाळकरी पोरानं. तो रेडिओ लहरींवरून शाळांशी बोलायचा आणि त्याच लहरींवर देखभालवाल्यांचे वॉकीटॉकी, मग कधी कधी माणसांना सांगावं लागायचं की जरा गप्प बसा, मशीन बोलतंय. पोलंडमध्ये ग्दान्स्क शहरात एका गॅरेजात कमोडोर सिक्स्टी-फोर नावाचा असाच ऐंशीच्या दशकातला कॉम्प्युटर पंचवीस वर्षांहून जास्त काळ गाड्यांचे शाफ्ट बॅलन्स करत होता. ६४ केबी मेमरी! तुमच्या गुड मॉर्निंगच्या फोटोला याच्यापेक्षा जास्त लागते, आणि ते फोटो पाठवणं बंद करा असं मी किती वेळा सांगितलंय.

आता घरात काय करायचं ते पटपट सांगते, वेळ कमी राहिलाय.

पहिलं, कॅसेट. आजीच्या ओव्या, वडिलांचं कुठलं भाषण, लग्नातल्या मंगलाष्टका कॅसेटवर असतील ना, त्या जुन्या डेस्कटॉपवर उतरवून घ्या. त्याच्या पाठीमागं तीन रंगाची भोकं असतात, गुलाबी माईकचं, हिरवं स्पीकरचं आणि निळं लाईन-इनचं. टेपच्या हेडफोनच्या भोकातून निळ्यात वायर टाकायची. निळ्यात. गुलाबीत नाही, गुलाबीत टाकली तर आवाज फाटतो. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात रेकॉर्ड करा. बऱ्याच लॅपटॉपना हे निळं भोकच नसतं, म्हणजे इथं जुनाच उपयोगी.

दुसरं, जुन्या मराठी फायली. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखंच दिसायची पद्धत, यायच्या आधी टाईप केलेलं काही असेल, कुळाचा इतिहास म्हणा, संस्थेचं इतिवृत्त म्हणा, तर नव्या मशीनवर तो फाँट नसल्यामुळं सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. ज्या मशीनवर टाईप केलं तिथं ते अजून नीट दिसेल. उघडा, छापा, आणि मगच काय ते करा. त्यावर विंडोज एक्सपी असेल तर तेवढ्यापुरताच वापरा, नेट जोडू नका. एक्सपीचे सुरक्षेचे अपडेट ८ एप्रिल २०१४ला बंद झाले. परत सांगते, एक्सपीला नेट नाही, बँक नाही, यूपीआय तर नाहीच नाही.

तिसरं, विंडोज टेनवाले. त्याचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज इलेव्हन बऱ्याच मशीनला चढतच नाही. ती मशीनं काही म्हातारी नाहीत हो, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची फुकटची सिस्टीम टाका, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवा, पोरांचा अभ्यास, पत्रं, हिशोब, नेटसुद्धा, सगळं होतं.

आणि काय करायचं नाही ते एक सांगते. चोवीस तास चालू ठेवायचं काम याला देऊ नका. शंभर वॉटचं मशीन दहा तास चाललं की एक युनिट. दिवसरात्र ठेवलं तर महिन्याला ७२ युनिट, आणि मग बिल आल्यावर घरातली पहिली पार्टी जिंकते. काम झालं की बंद, आणि बटणसुद्धा बंद.

जुना डबा टीव्हीसारखा मॉनिटर असेल तर तो घरी उघडायचा नाही, आत करंट साठून राहतो. टाकायचाच असेल तर ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या, काचेत शिसं असतं.

हां, आणि तो सेल. नंबर लिहून घ्या, दुकानात नंबरच विचारतात. सीआर २०३२. वीस बत्तीस. मशीनची वायर भिंतीतून काढायची, मग सेलच्या कडेची पत्र्याची क्लिप नखानं बाजूला दाबायची, सेल आपोआप वर उडतो, नवा घालताना प्लसची खूण वर. आणि घातल्यावर तारीख एकदा बघून घ्या. मामा अजून बघतात, रोज सकाळी, सेल नवा असला तरी. नमस्कार.